कर्ज, ऋण आणि दिलेला शब्द
(‘ला प्रोमेस’ या बेल्जियन चित्रपटाच्या निमित्ताने)



कर्ज आणि ऋण हे दोन शब्द कोशात शेजारी बसतात, पण व्यवहारात त्यांची घरे निराळी आहेत. कर्ज सावकाराचे असते, बँकेचे असते, वाण्याचे असते. ऋण आईबापांचे असते, गुरूचे असते, अडल्या वेळी धावून आलेल्या शेजाऱ्याचे असते. कर्जाला कागद लागतो, व्याजाचा दर लागतो, जामीन लागतो, आणि शेवटचा हप्ता भरला की ते संपते. ऋणाला कागद नसतो. म्हणूनच ते केव्हा संपले हे कोणी सांगू शकत नाही. कर्ज आपण फेडतो, ऋण आपण मानतो.

इतके आपणां सर्वांना ठाऊक आहे. अडचण येते ती पुढे. एखाद्या बापाने आपले ऋण सावकाराच्या रीतीने वसूल करायला घेतले, तर मुलाने काय करावे? आणि ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही, देशाचे नाही, धर्माचे नाही, अशा मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द कोणत्या खात्यावर मांडावा? ह्या दोन प्रश्नांवर बेल्जियममधील दोघा सख्ख्या भावांनी १९९६ साली एक चित्रपट काढला. त्याचे नाव ‘ला प्रोमेस’, म्हणजे ‘वचन’. चित्रपट फ्रेंच भाषेत आहे, कारण बेल्जियमच्या दक्षिण भागात, ज्याला वालोनिया म्हणतात, लोक फ्रेंच बोलतात. हे भाऊ म्हणजे झाँ-पिएर आणि ल्युक दार्देन. पुढे १९९९ साली ‘रोझेता’ आणि २००५ साली ‘लाँफाँ’ या चित्रपटांसाठी कानच्या महोत्सवातले सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळाले. पण त्यांचे नाव जगापुढे आले ते ‘ला प्रोमेस’मुळे.

मी काही चित्रपटांचा जाणकार नव्हे. कामगार संघटनेच्या कामात माझी उमर गेली, आणि जे थोडेफार वाचले-पाहिले ते त्या कामाच्या फटीतून. हा चित्रपट मी पाहिला तो एका स्नेह्याच्या आग्रहाने, पडद्याखालची इंग्रजी अक्षरे लावीत लावीत. पाहून झाल्यावर मात्र झोप लागली नाही, आणि ती का लागली नाही हे सांगण्यासाठीच आज मी आपल्यापुढे उभा आहे.

आरंभी एक खुलासा करतो. चित्रपटात गुन्हा आहे, प्रेत आहे, खोटे कागद आहेत, पाठलाग आहे. म्हणून त्याला गुन्हेगारी चित्रपट म्हणण्यास हरकत नाही. पण अशा चित्रपटांत सामान्यतः आपली उत्कंठा ‘गुन्हा कोणी केला’ ह्यावर टांगलेली असते. येथे गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडतो. कोणी केला, कसा केला, प्रेत कोठे आहे, सारे आपल्याला ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच की, हे सर्व ठाऊक असलेला एक पोरगा ते ज्या व्यक्तीला सांगितले पाहिजे तिला सांगणार की नाही. दीड तासाच्या चित्रपटाची सगळी ओढ एका वाक्यासाठी आहे, आणि ते वाक्य शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पोराच्या तोंडून फुटत नाही.

आता हा प्रसंग जेथे घडतो त्या गावाची ओळख करून घेऊ, कारण गाव समजल्यावाचून बाप समजणार नाही आणि बाप समजल्यावाचून पोरगा समजणार नाही.

गावाचे नाव सरें. लिएज शहराला लागून, म्यूझ नदीच्या काठी. १८१७ साली जॉन कॉकरिल नावाच्या इंग्रज कारखानदाराने तेथे धर्माधिकाऱ्यांच्या जुन्या राजवाड्यात कारखाना थाटला. पुढे तेथे लोखंड ओतले गेले, यंत्रे घडली, आगगाडीची इंजिने तयार झाली. जमिनीखाली कोळसा आणि वर भट्ट्या, अशी ही वस्ती दीडशे वर्षे धूर सोडीत जगली. माणसे कमी पडली तेव्हा बाहेरून आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, बेल्जियमने इटलीशी करार केला: इटलीने माणसे पाठवावीत, बेल्जियमने कोळसा द्यावा. त्या कराराने इटालियन मजूर वालोनियाच्या खाणींत उतरले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल येथील खाणीला आग लागली, तीत २६२ माणसे गेली. त्यांपैकी १३६ इटालियन होती. परदेशी मजूर आणि त्याचे मरण ही गोष्ट त्या प्रदेशाला नवी नव्हती.

पण त्याच प्रदेशाला दुसरीही एक गोष्ट नवी नव्हती, ती म्हणजे संघटना. २० डिसेंबर १९६० पासून जानेवारी १९६१ च्या उत्तरार्धापर्यंत, ऐन थंडीत, बेल्जियममध्ये सार्वत्रिक संप झाला. सरकारने करवाढ आणि खर्चकपात एकाच कायद्यात बांधून आणली होती. तिच्याविरुद्ध लक्षावधी कामगार बाहेर पडले. लिएजचा कामगार पुढारी आंद्रे रनार हा त्या संपाचा प्राण होता. संपाने सर्व मागण्या पदरात पडल्या नाहीत, पण त्या पाच आठवड्यांत शेजारी शेजाऱ्यासाठी उपाशी राहू शकतो, हे त्या गावांनी पाहिले.

दार्देन बंधू ह्याच परिसरात वाढले. थोरला १९५१ चा, धाकटा १९५४ चा. कथापट काढण्यापूर्वी ते हातात व्हिडिओ कॅमेरा घेऊन कामगार वस्त्यांतून हिंडत आणि माणसांच्या आठवणी टिपत. १९७९ साली त्यांनी एका जुन्या संपकऱ्यावर माहितीपट केला. तो गृहस्थ स्वतः बांधलेल्या नावेत बसून म्यूझ नदीतून जातो आणि १९६० च्या संपाच्या खुणा शोधतो. दुसऱ्या एका माहितीपटात त्यांनी कॉकरिलच्या कारखान्यात कामगार चोरून काढीत असलेल्या वृत्तपत्राची हकीकत सांगितली. म्हणजे ह्या भावांनी आधी संघटित बापांची गोष्ट सांगितली. मग १९७० नंतर पोलादाचा धंदा खचत गेला, भट्ट्या एकामागून एक थंडावल्या, आणि त्यांनी ज्या बापांची गोष्ट सांगितली होती त्यांच्या गावात निराळ्याच जातीचा बाप निर्माण झाला. ‘ला प्रोमेस’ ही त्या दुसऱ्या बापाची गोष्ट आहे.

त्याचे नाव रोजे. ओलिविए गुर्मे ह्या नटाने हे काम केले आहे. जाड चष्म्याचा, सुटलेल्या पोटाचा, एरवी हसतमुख माणूस. चित्रपटातले खलपुरुष असतात तसा तो मुळीच नाही. तो आपल्या गल्लीत राहू शकेल. त्याचा धंदा असा. दूरदूरच्या देशांतून परवान्यावाचून माणसे आणवायची. ती येतात मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रकवर लपून. एका मोडकळीस आलेल्या इमारतीत त्यांना खोल्या द्यायच्या, भाडे मनाला येईल ते लावायचे, शेकोटीच्या गॅसचे पैसे वेगळे घ्यायचे, खोट्या कागदांचे त्याहून वेगळे. मग हीच माणसे आपल्या बांधकामावर राबवायची, म्हणजे एका हाताने दिलेली मजुरी दुसऱ्या हाताने परत येते. कोणी कुरकुर केली तर पोलिसांचे नाव काढले की पुरे. एका प्रसंगी तर तो काही मजुरांना अमेरिकेला पाठवतो असे सांगून गाडीत बसवतो आणि स्वतःच पोलिसांच्या ताब्यात देतो, कारण अधिकाऱ्यांना अधूनमधून चार माणसे पकडल्याचे दाखवावे लागते आणि रोजेला अधिकाऱ्यांशी बरे ठेवावे लागते.

ह्या सर्व धंद्यात त्याचा उजवा हात म्हणजे त्याचा मुलगा इगोर. वय पंधराच्या आसपास. जेरेमी रेनिए ह्या मुलाने ही भूमिका केली. हे त्याचे पहिलेच मोठे काम. इगोर भाडे गोळा करतो, हिशेब ठेवतो, पारपत्रे आणून देतो. चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात, तो ज्या गॅरेजमध्ये उमेदवारी करतो तेथे एका म्हातारीची गाडी दुरुस्त करून देतो आणि तेवढ्यात तिचे पैशाचे पाकीट लांबवतो. ती शोधू लागते तेव्हा तिच्याबरोबर शोधूही लागतो. वाईट मुलगा म्हणावा तर तसा नाही. त्याला मित्रांबरोबर एक छोटी मोटार बनवायची आहे, वेल्डिंग शिकायचे आहे. गॅरेजचा मालक त्याला मन लावून शिकवतो. पण बाप केव्हाही येतो, बोलावतो, आणि पोराला हातातले काम टाकून जावे लागते. अखेर मालक सांगतो, आता गेलास तर परत येऊ नकोस. इगोर जातो. एका पोराच्या हातून कसब कसे निसटते, हे मी इतक्या साध्या प्रसंगात कोठे पाहिले नाही.

आता गुन्ह्याकडे येऊ. मजुरांत आमिदू नावाचा माणूस आहे. तो बुर्किना फासोचा. हा देश १९६० सालापर्यंत फ्रान्सच्या अमलाखाली होता, म्हणून तोही फ्रेंच बोलतो. त्याची बायको असिता तान्हे मूल घेऊन नुकतीच त्याच्याकडे आली आहे. आमिदूला जुगाराचा नाद आहे आणि त्यापायी त्याच्यावर देणे झाले आहे. एके दिवशी बांधकामावर सरकारी निरीक्षक येतात. इगोर धावत जाऊन मजुरांना पळायला सांगतो. आमिदू परांचीवर आहे. घाईने उतरताना तो वरून पडतो. इगोर त्याच्याजवळ जातो तेव्हा तो एवढेच मागतो: माझ्या बायकोला आणि मुलाला सांभाळ. पोरगा हो म्हणतो. हेच ते वचन.

ह्यानंतर जे घडते ते नीट लक्षात घ्या. जखमेतून रक्त वाहते आहे. इगोर कमरेचा पट्टा काढून त्याचा पाय आवळतो. बाप येतो, पाहतो, आणि तो पट्टा सोडून टाकतो. इस्पितळात न्यावे तर नाव विचारतील, कोठे पडला विचारतील, कोणाकडे कामाला होता विचारतील. निरीक्षक जाईपर्यंत आमिदूला झाकून ठेवले जाते. तो मरतो. रात्री बापलेक त्याला त्याच बांधकामात पुरतात आणि वर सिमेंटचा माल ओततात.

येथे कायद्याचा शब्द वापरायचा तर अपघाताचे रूपांतर मनुष्यवधात होते, आणि ते होण्याचे कारण द्वेष नव्हे. रोजेला आमिदूचा राग नाही. त्या माणसाचे नाव कोठल्याही हजेरीपटावर नाही, हेच ते कारण. ज्याचे नाव कागदावर नाही तो पडलाच नाही, असे म्हणता येते. जिवंतपणी ज्या बिनकागदीपणाने रोजेला पैसा मिळवून दिला, तोच बिनकागदीपणा मेल्यावर प्रेत दडवायला उपयोगी पडला.

नवरा कोठे गेला, असे असिता विचारते तेव्हा रोजेच्या हाताशी तयार उत्तर असते: त्याच्यावर जुगाराचे देणे होते, घेणेकऱ्यांच्या भीतीने तो पळाला. कर्जाचा हा तिसरा उपयोग आपण सहसा ध्यानात घेत नाही. कर्जाने माणूस राबवता येतो, कर्जाने तो गप्प बसवता येतो, आणि शेवटी कर्जानेच त्याच्या नाहीसे होण्याचा खुलासाही देता येतो. कर्जबाजारी माणूस पळून गेला, ह्यावर जगाचा चटकन विश्वास बसतो. असिताचा मात्र बसत नाही. ती जाऊन जाऊन विचारत राहते. शेवटी रोजे एका माणसाकडून तिच्यावर अंगचटीचा बनाव घडवतो, म्हणजे ती घाबरून जाईल. मग नवऱ्याच्या नावाने खोटी तार आणतो, की जर्मनीतील कोलोन शहरी ये. तेथे तिला वेश्याव्यवसायासाठी विकण्याचा त्याचा बेत असतो. हे इगोरला कळते, आणि तो बापाची गाडी घेऊन तिला व मुलाला पळवून नेतो.

मंडळी, येथवर ऐकून आपण म्हणाल, बाप दुष्ट आणि मुलगा चांगला, एवढीच गोष्ट आहे. तसे असते तर मी आपला वेळ घेतला नसता. हा बाप मुलावर प्रेम करतो. एका मद्यगृहात दोघे मिळून गातात, तेव्हा त्यांच्या तोंडावरचा आनंद खोटा नाही. तो मुलाला आपल्या बोटातल्यासारखी अंगठी देतो, त्याच्या दंडावर स्वतः गोंदून देतो. मुलाने आपल्याला बाबा म्हणू नये, रोजे म्हणावे, असा त्याचा आग्रह असतो. वरवर पाहता ही बरोबरीची मैत्री वाटते. विचार केला म्हणजे कळते की, बाबा ह्या शब्दाबरोबर बापावर काही जबाबदाऱ्या येतात. त्या टाळायच्या आणि भागीदार मात्र मिळवायचा, असा तो व्यवहार आहे. आणि बापाच्या सगळ्या बोलण्याचा गाभा एकच: हे घर मी बांधतो आहे ते कोणासाठी? तुझ्यासाठी. हे मी करतो ते कोणासाठी? तुझ्यासाठी. मुलाने न मागितलेले घर मुलाच्या नावे खर्ची टाकायचे, आणि त्या खर्चाची वसुली त्याच्या मौनातून करायची. आईबापांचे ऋण पवित्र आहे असे आपण म्हणतो, आणि मीही म्हणतो. पण ज्या क्षणी ते ‘तुझ्यासाठी केले, आता तू गप्प बस’ ह्या भाषेत मागितले जाते, त्या क्षणी ते कर्ज होते; आणि त्याचा व्याजदर सावकारापेक्षा जबर असतो, कारण ते फेडल्याची पावती कधीच मिळत नाही.

इगोरही आधी दिलेला शब्द कर्जासारखाच फेडू पाहतो. हे दिग्दर्शकांनी फार बारकाईने दाखवले आहे. तो असिताला गुपचूप पैसे देतो. आमिदूचे देणे भागवण्याची खटपट करतो. बापाने दिलेली अंगठी विकतो. मूल तापाने फणफणते तेव्हा इस्पितळात धावतो. तिला इटलीत कारारा येथे, संगमरवराच्या खाणीपाशी, नवऱ्याच्या नातेवाइकाकडे पोहोचवण्याची व्यवस्था लावतो. (ज्या इटलीतून मजूर पूर्वी बेल्जियमला आले, त्या इटलीकडे आता हिने जायचे!) पैसा, औषध, प्रवास, सगळे झाले. तरी पोराच्या तोंडावरचा ताण सैल होत नाही. कारण असिताला हवे आहे ते ह्यांतले काहीच नाही. तिला एकच गोष्ट हवी आहे: माझा नवरा कोठे आहे? ती सांगायची म्हणजे बापाला तुरुंगाच्या दारात उभे करायचे, आणि स्वतःलाही. कारण सिमेंट ओतणारे हात दोघांचे होते.

कॅमेरा ह्या मुलाच्या अगदी मानेमागे चालतो. तो पळाला की आपण पळतो, तो दाराआड थांबला की आपणही थांबतो. त्यामुळे प्रेक्षकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसण्याची सवड मिळत नाही. आपण त्याचे साथीदार होऊन बसतो, आणि ‘आता सांग, आता सांग’ असे मनात म्हणत असतानाच ‘नको सांगू, बाप आहे तो’ असेही आपलेच मन म्हणते.

अखेर बाप त्यांना त्या गॅरेजमध्ये गाठतो. झटापट होते. इगोर वजन उचलण्याच्या साखळीने बापाचा पाय बांधतो. बाप आधी दरडावतो, मग विनवतो, मग तेच म्हणतो: सगळे तुझ्यासाठी केले. मुलगा त्याला गप्प राहायला सांगतो. त्याला मारत नाही, पोलिसांना बोलावत नाही. बांधून ठेवून निघून जातो. मग रेल्वे स्टेशन. असिता पुढे, हा मागे, हातात तिची पिशवी. गाडीची वेळ झाली आहे. आणखी पाच मिनिटे गप्प राहिला तर ती निघून जाईल, बाप वाचेल, हाही वाचेल, आणि बाईला आसरा मिळून वचनही पाळल्यासारखे होईल. नेमक्या त्या वेळी, जिना चढताना, तिच्या पाठीकडे पाहून तो सांगतो: आमिदू मेला आहे; तो परांचीवरून पडला; बापाने त्याला इस्पितळात नेऊ दिले नाही; मी बापाचे ऐकले. ती वळते. त्याच्याकडे पाहते. बोलत नाही. फलाटाकडे न जाता परत खाली उतरू लागते, आणि तो तिच्याबरोबर चालू लागतो. दोघे लांब बोळातून चालत जातात आणि चित्रपट संपतो.

ती त्याला क्षमा करते का? दाखवलेले नाही. मला ते योग्य वाटते. क्षमा ही पावती आहे, आणि ऋणाला पावती नसते हे आपण आरंभीच म्हटले.

आता माझ्या पेशाच्या माणसाला ह्यात काय दिसते ते सांगतो. ह्या चित्रपटात कामगार आहेत, मालक आहे, निरीक्षक आहे, पोलीस आहेत. संघटना कोठेही नाही. ज्या गावाने १९६० चा संप लढवला त्या गावात, पस्तीस वर्षांनंतर, पोराला आपले ओझे घेऊन जाण्यासारखे एकही दार उरलेले नाही. संघटना नाहीशी झाली की माणसे एकाकी होतात असे आपण म्हणतो. ते अपुरे आहे. एकाकी माणूस जगू शकत नाही. तो जे नाते हाताशी असेल त्याला घट्ट धरतो. उरते ते कुटुंब. मग साऱ्या निष्ठेचा भार कुटुंबावर पडतो, आणि कुटुंबाच्या आत जर गुन्हा असेल तर निष्ठा म्हणजेच सहभाग होऊन बसतो. इगोर बापाला इतका बांधलेला आहे ह्याचे एक कारण रक्त आहे, आणि दुसरे कारण हे की बापाशिवाय त्याला कोणी ठेवलेलेच नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. २००९ साली युरोपीय संघाने सभासद देशांना निर्देश दिला की, परवान्यावाचून राबवलेल्या परदेशी मजुराचीही थकलेली मजुरी मालकाने दिली पाहिजे. आणि उलट पुरावा नसेल तर त्याने निदान तीन महिने काम केले असे धरून चालावे. चांगला निर्देश आहे. पण मजुरी मागायला मजुराने पुढे यावे लागते, आणि ज्याच्या डोक्यावर प्रवासाचे कर्ज आहे तो पुढे येत नाही. दार्देन बंधूंनी २०२२ साली ‘तोरी ए लोकिता’ हा चित्रपट काढला, त्यात हीच गाठ पुन्हा दाखवली आहे. लोकिता ही आफ्रिकेतून बेल्जियमला आलेली मुलगी. तिला ज्यांनी आणले त्यांचे देणे तिच्यावर आहे, घरी आई भावंडांसाठी पैसे मागते आहे, आणि खोटे कागद मिळवायला तिला गांजाच्या चोरट्या धंद्यात कोंडून घ्यावे लागते. तिचा ‘भाऊ’ तोरी हा सख्खा भाऊ नाही, प्रवासात जोडलेला. त्या दोघांना सोडवणारे तेथेही कोणी नाही, आणि लोकिता मारली जाते.

मला झोप का लागली नाही ते अजून सांगायचे राहिले आहे.

२००४ सालची गोष्ट. एका बांधकामावर तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून एक मजूर पडला आणि इस्पितळात नेता नेता गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा कळले की मस्टरवर त्याचे नाव नाही. तेवढ्याने अडले नसते. साक्षीदार मिळाले असते. पण त्याच जागी कामाला असलेल्या त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने लिहून दिले होते की, तो कामावर नव्हताच, मला भेटायला आला होता. तेव्हाच्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला कामावर असताना झालेला अपघात लागत असे. भेटायला आलेल्या पाहुण्याला त्यात जागा नव्हती. भावाच्या एका अंगठ्याने विधवेचा हक्क पुसला गेला.

तेरावे झाल्यावर तो भाऊ रात्री आमच्या कचेरीत आला. मी त्याला बसही म्हटले नाही. तो उभ्यानेच म्हणाला, “साहेब, माझ्यावर मुकादमाची उचल आहे. दोघा भावांच्या नावाने घेतली होती, आता एकाच्याच अंगावर आली. खरे सांगितले तर ती कोण फेडणार?” मी त्याला सांगितले की १९७६ च्या वेठबिगारीच्या कायद्याने अशी उचल फेडण्याचे बंधन नाही. तो म्हणाला, “कायदा गावात येत नाही साहेब, मुकादम येतो.”

त्या रात्री माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्याच्यावर संतापलो होतो, आणि माझा संताप त्याच्या काही कामाचा नव्हता. इगोरला जसे दार नव्हते तसे त्याला दार होते, तो त्या दारातून आत आला होता, आणि आतला माणूस कलमे सांगत होता. हे माझ्या ध्यानात आले ते पुष्कळ वर्षांनी, तो चित्रपट पाहताना.

पुढे आमच्या सभासदांनी वर्गणी केली. नाक्यावर उभे राहणाऱ्यांनी दहा-दहा, वीस-वीस रुपये दिले. चार महिन्यांत उचलीची रक्कम जमली आणि दोन साक्षीदारांसमोर मुकादमाच्या हातावर ठेवली. दुसऱ्या आठवड्यात भावाने जबाब फिरवला. आधी खोटे लिहून दिल्याबद्दल त्याला पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. काम तर गेलेच. विधवेला भरपाई मिळाली. उचल आम्ही फेडली, ते कर्ज होते. भावजयीपुढे उभे राहून “तो कामावरच होता आणि मी खोटे बोललो” हे सांगण्याचे काम मात्र आमच्या वर्गणीने होण्यासारखे नव्हते. ते त्याचे त्यालाच करावे लागले. तो गावी गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर एस.टी. स्टँडपर्यंत गेलो होतो. भावजयीने त्याला उंबऱ्याच्या आत घेतले की नाही, हे मी त्याला नंतर कधी विचारले नाही.